उच्च शिक्षण आणि अपंगांची सोय

परीक्षा म्हणजे काय, या प्रश्नाचें उत्तर वाटतें तितकें सोपें नाहीं. इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेंतून आपण विद्यार्थ्याचें इतिहासाचें ज्ञान तपासतों, अशी आपली समजूत असते. पण छापलेलें डोळ्यांना दिसतें कीं नाहीं, तीन तासांत पुरवणीमागून पुरवणी भरण्याइतका हात चालतो कीं नाहीं, दुसऱ्या मजल्यावरील खोलीपर्यंत पाय नेतात कीं नाहीं, आणि एवढा वेळ एका बाकावर शरीर तग धरतें कीं नाहीं, हेंही त्याच बैठकींत नकळत तपासलें जात असतें. ज्याचें शरीर धडधाकट आहे त्याला या दुसऱ्या परीक्षेची जाणीवही होत नाहीं. ज्याचें नाहीं, तो पुष्कळदां पहिल्या परीक्षेपर्यंत पोहोंचतच नाहीं. महाविद्यालयांत व विद्यापीठांत अपंग विद्यार्थी आणि अध्यापक यांच्यासाठीं ज्या सोयी कायद्यानें सांगितल्या आहेत, त्यांचा हेतु एवढाच कीं, ही न सांगितलेली दुसरी परीक्षा रद्द व्हावी आणि पहिली तेवढी कसून घेतली जावी.

ही कल्पना विलायतेहून आली असें ज्यांना वाटतें त्यांनीं आपल्या वऱ्हाडाकडे पाहावें. अमरावती जिल्ह्यांतील माधानचे श्रीगुलाबराव महाराज १८८१ सालीं जन्मले. नऊ महिन्यांचे असतांना त्यांची दृष्टि गेली, आणि १९१५ सालीं, उण्यापुऱ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यानंतर, त्यांनीं देह ठेवला. तेवढ्या अवधींत त्यांच्या नांवावर शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ जमा झाले. दुसऱ्यानें वाचावें व महाराजांनीं ऐकावें, महाराजांनीं सांगावें व दुसऱ्यानें उतरून घ्यावें, असा तो क्रम होता. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर त्यांना 'वाचक' आणि 'लेखनिक' अशा दोन्ही सोयी लाभल्या होत्या. मात्र त्या शिष्यांच्या भक्तीमुळें लाभल्या. जिला कोणी भक्त मिळावयाचा नाहीं अशा साकोलीच्या एखाद्या अंध मुलीला तीच वस्तु हक्कानें मिळावी, यासाठीं कायदा लागतो.

असा पहिला कायदा १९९५ सालीं संमत होऊन १९९६ च्या फेब्रुवारींत अमलांत आला. त्यांत अपंगत्वाचे सात प्रकार मोजले होते. त्याची जागा २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमानें घेतली. हा नवा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून चालू आहे आणि त्यांत प्रकार एकवीस आहेत. सरकारी लिखाणांत आतां 'अपंग' हा शब्द मागें पडून 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला आहे. नांव उजळल्यानें पायरी बुटकी होते असें मला कधीं दिसलें नाहीं. म्हणून मी जुनाच शब्द वापरला तर श्रोत्यांनीं राग मानूं नये.

या कायद्याचा गाभा 'वाजवी सोय' या कल्पनेंत आहे. अमुक एका व्यक्तीला इतरांच्या बरोबरीनें आपला हक्क बजावतां यावा म्हणून, संस्थेवर अवाजवी भार न टाकतां, करावयाचा आवश्यक तो फेरबदल, असा तिचा आशय सांगतां येईल. दाराशीं रॅम्प बांधणें, फलक मोठ्या अक्षरांत लावणें, हीं कामें कोण येणार हें ठाऊक नसतांना आधींच करून ठेवावयाचीं असतात. सोय तशी नव्हे. ती शिंप्यानें माप घेऊन शिवलेल्या सदऱ्यासारखी असते. आणि माप घ्यावयाचें तर ज्याला सदरा घालावयाचा आहे त्यालाच उभें करावें लागतें.

सर्वांत परिचयाचें उदाहरण आधीं घेऊं. अंध विद्यार्थ्याला लेखनिक मिळतो हें बहुतेकांना माहीत असतें. केंद्र शासनानें २९ ऑगस्ट २०१८ रोजीं काढलेल्या सूचनांप्रमाणें ज्याला लेखनिक लागतो, किंवा ज्याला अपंगत्वामुळें सावकाश लिहावें लागतें, त्याला दर तासामागें निदान २० मिनिटें अधिक द्यावयाचीं. म्हणजे तीन तासांची प्रश्नपत्रिका चार तासांची होते. विद्यार्थ्यानें स्वतः लेखनिक आणला तर त्याचें शिक्षण विद्यार्थ्याहून एक पायरी खालचें असावें, अशी अट त्या सूचनांत होती. लेखनिकच हुशार असला तर काय, या नेहमींच्या शंकेला तें उत्तर होतें. या नियमांत वेळोवेळीं फेरफार होत असतात. तेव्हां लेखनिक आपण आणावयाचा कीं परीक्षा घेणाऱ्यांनीं पुरवावयाचा, हें प्रत्येक परीक्षेपूर्वीं नव्यानें विचारून घेणें बरें.

हीं २० मिनिटें कांहीं लोकांच्या डोळ्यांवर येतात. बोलणें लिहिण्यापेक्षां जलद होतें, मग वेळ वाढवून कां, असें ते म्हणतात. माझा सारा जन्म मुलांना श्रुतलेखन घालण्यांत गेला असल्यामुळें या शंकेचें उत्तर देण्याचा थोडा अधिकार मला आहे. सांगून लिहविणें ही निराळीच विद्या आहे. सांगणाऱ्याला वाक्य मनांत पुरतें बांधून मग तोंडाबाहेर काढावें लागतें. लिहिणारा मागें राहिला कीं थांबावें लागतें, आणि थांबलें कीं पुढचा धागा सुटतो. विशेषनामांचीं अक्षरें फोडून सांगावीं लागतात. मागील परिच्छेदांत आपण काय म्हटलें तें पाहण्यासाठीं नजर वर फिरवितां येत नाहीं. तें पुन्हां वाचवून घ्यावें लागतें. गणित किंवा रसायनशास्त्र असेल तर कंस कोठें उघडला व कोठें मिटला हें सांगतां सांगतां उत्तरच हातचें निसटतें. म्हणून परीक्षेच्या आधीं त्याच लेखनिकाबरोबर घरीं घड्याळ लावून दोनतीन जुन्या प्रश्नपत्रिका सोडविल्या पाहिजेत. अडचण अशी कीं, ज्या वयाचीं मुलें लेखनिक म्हणून चालतात, त्यांच्या स्वतःच्या परीक्षा नेमक्या त्याच सुमारास असतात. श्रोत्यांपैकीं कोणाच्या घरांत परीक्षा संपवून मोकळा बसलेला मुलगा अथवा मुलगी असेल, तर जवळच्या महाविद्यालयाला तसें कळविण्यासारखें दुसरें उपयुक्त काम नाहीं.

येथपर्यंतचें प्रकरण सोपें आहे, कारण अंधत्व दिसतें. आमच्या भंडारा जिल्ह्यांत मात्र एक असें अपंगत्व घरोघर वावरतें कीं, तें कोणाला दिसत नाहीं. मी सिकलसेलविषयीं बोलतों आहे.

निरोगी मनुष्याची तांबडी रक्तपेशी गोल, मऊ व लवचिक असते. बारीकांतल्या बारीक वाहिनींतून ती अंग चोरून निघून जाते. सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्तांतील हिमोग्लोबिनची घडण जन्मतःच थोडी निराळी असते. अंगांतलें पाणी आटलें, थंडी बाधली, श्रम अति झाले किंवा प्राणवायु कमी पडला कीं त्याची पेशी ताठरते आणि विळ्यासारखी वांकते. अशा वांकड्या पेशी वाहिनींत अडकल्या म्हणजे पुढचा रक्तपुरवठा तुंबतो, आणि हाडांत, सांध्यांत, पोटांत, छातींत असह्य कळा उठतात. शिवाय निरोगी पेशी सुमारें १२० दिवस जगते, तर ही दहा ते वीस दिवसांतच मरते. त्यामुळें पंडुरोग कायमचा. हा रोग स्पर्शानें होत नाहीं. तो आईबापांकडून येतो. दोघेही नुसते वाहक असले, इकडे त्यांना 'ए-एस' म्हणतात, तर प्रत्येक अपत्य 'एस-एस' म्हणजे रुग्ण होण्याचा संभव चारांत एक इतका असतो. नुसत्या वाहकाला सहसा कांहीं त्रास होत नाहीं व त्याला कोणी अपंग समजूं नये. शिकागोच्या डॉ. हेरिक यांनीं १९१० सालीं हा विकार प्रथम वर्णिला. आपल्या देशांत तो १९५२ सालीं निलगिरींत आढळला, आणि १९५८ सालीं डॉ. शुक्ल व डॉ. सोळंकी यांनीं 'लॅन्सेट' या विलायती वैद्यकीय पत्रांत मध्य भारतांतील त्याची नोंद केली. १ जुलै २०२३ रोजीं शहडोल येथें त्याच्या उच्चाटनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली असून २०४७ ही तिची मुदत आहे.

१९९५ च्या सात प्रकारांत या रोगाला जागा नव्हती. २०१६ च्या एकवीस प्रकारांत सिकलसेल, थॅलसेमिया व हिमोफिलिया हे तीन रक्तविकार आले, आणि आमच्या इकडचे कितीएक विद्यार्थी कायद्याच्या दृष्टीनें प्रथमच सोयीस पात्र झाले. दहावी व बारावीच्या परीक्षेंत त्यांना तासामागें २० मिनिटें अधिक देण्याची पद्धति महाराष्ट्रांत आहेच. पण याच ठिकाणीं मापाचा प्रश्न उभा राहतो. ज्याच्या सांध्यांत कळ आहे त्याला तीनऐवजीं चार तास बाकावर बसविणें ही सोय कीं शिक्षा? अंधाला पाहिजे असतो अधिक वेळ. सिकलसेलच्या विद्यार्थ्याला बहुधा पाहिजे असते विश्रांति: मध्येंच उठून चार पावलें टाकण्याची मुभा, आणि तेवढा वेळ घड्याळ थांबविणें. त्याला पाण्याची बाटली जवळ लागते. पाणी अधिक पिणाऱ्याला बाहेरही अधिक वेळां जावें लागतें, म्हणून खोली तळमजल्यावरची व शौचगृहाजवळची लागते. थंडीच्या दिवसांत स्वेटर काढावयास लावणारा पर्यवेक्षक त्याला नको असतो. यांपैकीं एकाही गोष्टीला पैसा पडत नाहीं.

आमच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या परीक्षांना 'हिवाळी' आणि 'उन्हाळी' अशीं नांवें आहेत. ज्यांनीं तीं ठेवलीं त्यांच्या मनांत वाईट कांहीं नव्हतें हें उघड आहे. परंतु थंडी आणि अंगांतलें पाणी आटविणारें विदर्भाचें ऊन, हेच सिकलसेलच्या रुग्णाचे दोन वैरी. आणि नेमके तेच दोन ऋतु परीक्षेच्या वांट्याला आले आहेत. लाखनीकडील माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची गोष्ट सांगतों. ती बी. एस्‌सी.ला होती. दोन प्रश्नपत्रिका उत्तम गेल्या; तिसऱ्या दिवशीं पहाटेच्या थंडींत बसथांब्यावर उभी असतां कळ आली आणि ती परीक्षागृहाऐवजीं रुग्णालयांत पोहोंचली. निकालांत 'अनुपस्थित' एवढेंच आलें. तिच्याजवळ दाखविण्याला कागद नव्हता. घरच्यांनीं तो काढलाच नव्हता. कारण पुढें लग्न जमवावयाचें, आणि गांवांत बोभाटा नको. या भीतीला हंसण्याचा अधिकार आपल्यापैकीं फारच थोड्यांना असेल. मुलगी दाखवावयास येणाऱ्यांपैकींच आपण असतों. म्हणून महाविद्यालयानेंही, असा अर्ज आला तर तो वर्गांत वाचून दाखवावयाचा नसतो, एवढी समज ठेवणें अवश्य आहे. ज्यांना जागा नेमावयाची व पर्यवेक्षण करावयाचें आहे तेवढ्यांनाच कळलें तरी काम भागतें.

हजेरीचेंही असेंच. पदवीच्या वर्गांना साधारणपणें ७५ टक्के उपस्थिति मागतात. वर्षांत तीनचारदां रुग्णालयांत पडून राहणाऱ्या मुलानें ती भरून काढावी कोठून? रुग्णालयाचा कागद पाहून तेवढे दिवस वगळणें, हीदेखील वाजवी सोयच होय, असें माझें स्पष्ट मत आहे. आणि दुखण्यामुळें हुकलेली प्रश्नपत्रिका सहा महिने न थांबतां पुन्हां देतां यावी, अशी तरतूद विद्यापीठांनीं मनावर घेतली पाहिजे. दुसऱ्या कोणत्याही सवलतीपेक्षां या रुग्णांना तिचा उपयोग अधिक होईल.

आतां कागदाविषयीं. अपंगत्वाचें प्रमाणपत्र व ओळखपत्र, ज्याला 'यूडीआयडी कार्ड' म्हणतात, त्यासाठीं संगणकावरून अर्ज करावयाचा असतो व तपासणी सरकारी रुग्णालयांतील मंडळ करतें. आमच्याकडे तें भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयांत होतें. तेथें टक्के ठरतात, आणि ४० टक्के ही मोठी सीमारेषा आहे. तिच्यावर असणाऱ्यांसाठीं उच्च शिक्षणसंस्थांत निदान ५ टक्के जागा राखीव असतात व प्रवेशाच्या वयांतही पांच वर्षांची सूट मिळते. पण सिकलसेलचा रुग्ण मंडळापुढें आपल्या बऱ्या दिवशीं चालत जातो. वाईट दिवशीं त्याला जातांच येत नाहीं. यास्तव मागील दोनतीन वर्षांत रुग्णालयांत काढलेले दिवस, चढविलेलें रक्त, चाललेलीं औषधें यांचे सारे कागद बरोबर न्यावे.

४० टक्क्यांच्या खालीं पडला तर सोयच नाहीं, असा समज कितीएक कचेऱ्यांतून अजून आहे. तो चुकीचा आहे. लिहूं लागतांच बोटें आंवळून येणाऱ्या एका उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगानें याच कारणावरून लेखनिक नाकारला होता. ११ फेब्रुवारी २०२१ रोजीं न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानें सांगितलें कीं, राखीव जागा आणि वाजवी सोय या दोन भिन्न गोष्टी आहेत. जागेला टक्क्यांची अट आहे, सोयीला नाहीं. कोणी गैरफायदा घेईल या भयानें खऱ्या गरजूला वंचित ठेवतां येत नाहीं, असेंही न्यायालयानें बजावलें. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजीं केंद्र शासनानें ४० टक्क्यांहून कमी अपंगत्व असलेल्या, पण लिहिण्याची अडचण असणाऱ्या उमेदवारांसाठीं निराळ्या सूचना काढल्या.

याच आंकड्याची दुसरी गंमत पाहा. महाराष्ट्रांतील एका विद्यार्थ्याचें वाणीचें अपंगत्व ४० टक्क्यांहून अधिक भरलें, आणि तेवढ्यावरूनच त्याला वैद्यकीय शिक्षणास अपात्र ठरविण्यांत आलें. ज्या आंकड्यानें राखीव जागेचें दार उघडावयाचें त्यानेंच तें लावून घेतलें! सर्वोच्च न्यायालयानें त्याला प्रवेश देवविला. १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालपत्रांत, नुसता टक्का पाहून कोणाला अपात्र ठरवितां येत नाहीं, हा विद्यार्थी हा अभ्यासक्रम पुरा करूं शकतो कीं नाहीं हें मंडळानें तपासावें, असा दंडक घालून दिला. त्या पीठाचे प्रमुख न्या. भूषण गवई आपल्या अमरावतीचेच.

इमारतीविषयीं फार बोलत नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२२ सालीं त्यासंबंधीं सविस्तर मार्गदर्शन केलें आहे. उद्वाहन बसविण्याला पैसा नसेल तर ज्या वर्गांत चालतां न येणारा विद्यार्थी आहे तो वर्ग तळमजल्यावर आणावा. वेळापत्रक करणाऱ्याला त्यासाठीं एक दुपार पुरते. पुस्तकांच्या बाबतींत मात्र एक गोष्ट ठाऊक असावी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या प्रताधिकार कायद्यानें, अंध व वाचूं न शकणाऱ्या अपंगांसाठीं पुस्तकाची ब्रेल, ध्वनिमुद्रित अथवा संगणकावर वाचतां येणारी प्रत करण्याला, नफा न घेण्याच्या अटीवर, मोकळीक दिली आहे. प्रकाशकाची परवानगी नाहीं, हें ग्रंथालयाचें उत्तर आतां चालणार नाहीं. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयांत २००३ सालीं निघालेलें अंधांसाठींचें केंद्र या कामीं पाहण्यासारखें आहे.

अध्यापकांचा विचार आपल्याकडे त्याहून कमी होतो. शासनाचें अनुदान घेणारें महाविद्यालय कायद्याच्या व्याख्येंत सरकारी आस्थापनेंत मोडतें, व तेथील अपंग अध्यापकाला अडथळ्यावांचून काम करतां येईल अशी व्यवस्था करणें हें त्याचें कर्तव्य ठरतें. नोकरींत असतां कोणाची दृष्टि गेली किंवा पाय गेला, तर त्याला काढून टाकतां येत नाहीं, खालच्या पदावरही उतरवितां येत नाहीं. तें काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीचें दुसरें काम द्यावें. तसें पद नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावें. १९९५ च्या कायद्यांतही हें होतेंच, आणि पाय गमावलेल्या एका शिपायाच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २००३ सालीं तें ठामपणें उचलून धरलें. इतकें असूनही नव्यानें अंधत्व आलेला प्राध्यापक पुष्कळदां आपण होऊनच राजीनामा लिहावयाला बसतो. वस्तुतः व्याख्यान देण्याला डोळे लागत नाहींत. संगणकावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारी 'एनव्हीडीए' ही प्रणाली २००६ पासून तयार होत आली असून ती विनामूल्य मिळते. अडतें तें हस्तलिखित उत्तरपत्रिकांपाशीं, कारण हाताचें अक्षर यंत्राला नीट लागत नाहीं. तेथें एक तर वाचक द्यावा, किंवा सहकाऱ्यानें त्याच्या उत्तरपत्रिका घ्याव्या व त्यानें सहकाऱ्याच्या तोंडी परीक्षा घ्याव्या. असा विनिमय विभागप्रमुखाला एका चहाच्या वेळांत ठरवितां येतो.

एक उणीव मात्र कायद्यांतच राहिली आहे. सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के राखीव जागांचें जें ३४ वें कलम आहे, त्यांत अंध, बधिर, हातापायांनीं अपंग, मनोविकारग्रस्त इत्यादींचीं नांवें आहेत, रक्तविकारांचें नाहीं. म्हणजे आमच्या जिल्ह्यांतील सिकलसेलचा विद्यार्थी राखीव जागेवर शिकूं शकतो, पण शिकून झाल्यावर त्याच महाविद्यालयांत शिकविण्यासाठीं त्याला तशी जागा नाहीं. हें कलम लिहितांना हा विचार सुटला कीं मुद्दाम सोडला, तें लिहिणारे जाणोत. दुरुस्तीची मागणी विदर्भांतूनच व्हावयाला हवी.

शेवटीं, सोय मागावयाची कशी? परीक्षेच्या आदल्या दिवशीं मागूं नये. प्रवेशाच्या वेळींच प्राचार्यांच्या नांवें लेखी अर्ज द्यावा. त्यांत रोगाचें वर्णन थोडें आणि काय पाहिजे तें स्पष्ट लिहावें: कोणता मजला, किती विश्रांति, लेखनिक हवा कीं नको. परीक्षेचा अर्ज भरतांना त्याची पुन्हां आठवण द्यावी. महाविद्यालयांत समान संधी केंद्र असेल तर तेथें एक प्रत द्यावी. प्रत्येक सरकारी आस्थापनेनें तक्रार ऐकण्यासाठीं एक अधिकारी नेमावयाचा असतो. त्याचें नांव विचारून ठेवावें. तेथें दाद लागली नाहीं तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करतां येते. साक्षीदार बोलावणें, कागद मागविणें, असे दिवाणी न्यायालयाचे अधिकार कायद्यानें त्यांना दिले आहेत. परंतु तेथेंही पहिला प्रश्न हाच विचारतात कीं, तुम्हीं सोय मागितली होती केव्हां? म्हणून अर्जाची दुसरी प्रत नेहमीं बरोबर न्यावी, आणि तिच्यावर आवक क्रमांक व तारीख पडल्याखेरीज कारकुनाच्या टेबलापासून हलूं नये.